ब्रेकमध्ये जळून जाणारी ऊर्जा फ्लायव्हीलमध्ये का साठवत नाहीत?

खटपट्या

शहरातली बस दर तीन-चारशे मीटरवर थांबते. थांबताना तिची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये तापून हवेत जाते, आणि मिनिटभरात तेवढीच गती पुन्हा मिळवायला इंजिन नव्याने डिझेल जाळतं. हे मला बरीच वर्षं खटकतंय. म्हणून आकडे मांडले. १२ टनांची बस ताशी ५० किमीवरून थांबते तेव्हा सुमारे १.१६ मेगाज्यूल ऊर्जा जाते, म्हणजे विजेच्या हिशेबात ०.३२ युनिट. एका थांब्याचं हे! १५०० किलोची मोटार ताशी ६० वरून थांबली तर २०८ किलोज्यूल.

गाडी थांबताना एक जड चाक, म्हणजेच फ्लायव्हील, गरागरा फिरवायचं, निघताना त्याच चाकाने गाडीला ढकलायचं, इतकी ही सरळ कल्पना आहे. बॅटरी नको, रसायनं नकोत, गतीची गतीच राहते. मग हे रस्त्यावर दिसत का नाही? चाक फार मोठं लागतं का? फुटण्याची भीती? की कुणी मनापासून प्रयत्नच केला नाही? ज्यांनी यंत्रं हाताळली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

दोन_दशांश

आकाराच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे बहुतेकांचा अंदाज चुकीच्या दिशेने जातो. "जड चाक" हे शब्द आधी बाजूला ठेवा. फिरत्या चाकातली ऊर्जा वजनाच्या सम प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, फेरे दुप्पट केले तर चौपट.

सोयीसाठी सगळं वजन कडेला असलेली पातळ कडी धरा. कडेचा वेग ठरला की दर किलोला किती ऊर्जा बसेल हे ठरलं: वेगाच्या वर्गाचं अर्ध. कडेचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल तर किलोमागे २० किलोज्यूल. ६०० मीटर असेल तर १८० किलोज्यूल. कडीचा व्यास या हिशेबात येतच नाही.

वेग किती नेता येईल हे पदार्थ ठरवतो. कडीला फाडू पाहणारा ताण म्हणजे घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. पोलादाच्या कडीत २०० मीटरला हा ताण ३१४ मेगापास्कल होतो, म्हणजे साधं पोलाद तिथेच दमायला लागतं. कार्बन फायबरची घनता पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी, त्यामुळे ६०० मीटरलाही ताण ५७६ मेगापास्कलच. म्हणजे इथे जड पदार्थापेक्षा हलका आणि मजबूत पदार्थ सरस ठरतो.

तुमच्या बससाठी: चाक पूर्ण थांबवून शेवटचा थेंब काढता येत नाही. फेरे निम्म्यावर येईपर्यंत वापरलं तर तीन चतुर्थांश ऊर्जा मिळते. ते धरून पोलादाची कडी ७७ किलो आणि कार्बनची साडेआठ किलोच्या आसपास. १२ टनांच्या बसला हे काहीच नाही.

मृगनक्षत्र

वा, फार स्वच्छ मांडणी. साडेआठ किलोत काम होत असेल तर मग घोडं अडलं कुठे?

तिसरा_गिअर

घोडं जोडणीत अडलं. चाक बनवणं कठीण आहेच, पण ते गाडीला जोडणं त्याहून कठीण, आणि या विषयावरच्या लेखांत याच भागाला एका ओळीत गुंडाळतात. म्हणून जरा लांबण लावतो.

गाडी थांबताना काय व्हायला हवं ते डोळ्यापुढे आणा. गाडीची चाकं हळू होत चालली आहेत आणि त्याच वेळी फ्लायव्हील अधिकाधिक जोरात फिरायला हवं. दोघांचे वेग उलट दिशेने सरकतात, त्यामुळे एका ठरावीक गिअरने त्यांना जोडून चालत नाही. गुणोत्तर सतत बदलत राहिलं पाहिजे. समजा गाडी ताशी ६० वरून १० वर येतेय आणि फ्लायव्हील मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवरून ६०,००० वर जातंय. एकीकडे सहापट उतार, दुसरीकडे दुप्पट चढ, म्हणजे गुणोत्तरात बारापट फरक. मोटारींत मिळणाऱ्या बेल्टच्या सीव्हीटीची (पायऱ्या नसलेला, गुणोत्तर सतत बदलणारा गिअर) झेप साधारण सहा-सातपट असते. आणि ताशी १० च्या खाली जे उरतं त्याला तर कुठलंच गुणोत्तर पुरत नाही, तिथे क्लच घसरवावा लागतो.

"मग सरळ क्लचच लावू" असं कुणाच्याही मनात येईल. तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. फिरणारी गाडी आणि थांबलेलं फ्लायव्हील क्लचने जोडले की दोघं एकाच वेगावर येतात, आणि मधल्या घसरणीत ऊर्जा जळते. दोघांचं जडत्व सारखं असेल तर मूळ ऊर्जेतली बरोबर निम्मी क्लचच्या प्लेटमध्ये जाते, पाव गाडीत राहते, आणि फक्त पाव फ्लायव्हीलला मिळते. क्लच कितीही भारी घ्या, हळू जोडा, झटक्यात जोडा, हा हिशेब बदलत नाही.

यावर लोकांनी तीन वाटा काढल्या. पहिली टोरॉइडल सीव्हीटी, ज्यात दोन खोलगट तबकड्यांमध्ये तिरके होणारे रोलर असतात. दुसरी म्हणजे एकाऐवजी अनेक गिअर आणि प्रत्येकाला स्वतःचा क्लच. तिसरी विजेची: फ्लायव्हीललाच मोटर-जनरेटर बनवायचं, गाडीच्या धुरीवर दुसरी मोटर बसवायची, मध्ये फक्त तारा. तिसरीत जोडणीचा प्रश्न सुटतो, पण प्रत्येक रूपांतरात थोडं गळतं. गाडीतून वीज, विजेतून गती, परत गतीतून वीज आणि विजेतून गाडी, अशी चार रूपांतरं. प्रत्येक ९० टक्के धरलं तरी हाती ६६ टक्केच लागतात. फ्लायव्हीलचे पुरस्कर्ते यांत्रिक जोडणीवर एवढे का अडून बसतात ते यावरून कळेल.

जुनी_यंत्रं

"कुणी मनापासून प्रयत्न केला नाही का" याचं उत्तर: केला, आणि तोही प्रवाशांना घेऊन. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीची जायरोबस. दीड टन वजनाचं, सुमारे १.६ मीटर व्यासाचं पोलादी चाक बसच्या पोटात आडवं बसवलेलं. ते मिनिटाला ३,००० फेरे घ्यायचं, कमी दाबाचा हायड्रोजन भरलेल्या बंद डब्यात, हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून. बसवर इंजिन नव्हतं. ठरावीक थांब्यांवर छतावरचे दांडे वर करून विजेने चाकाला वेग द्यायचा आणि त्या साठ्यावर सहा किलोमीटरच्या आसपास जायचं. ब्रेक लावताना ऊर्जा चाकात परत जायची.

१९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इव्हेर्दों गावात ती सुरू झाली आणि १९६० पर्यंत चालली. बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजच्या किन्शासा, इथे १९५५ पासून आणि बेल्जियमच्या गेंट शहरात १९५६ पासून धावली. दोन्हीकडे १९५९ मध्ये बंद झाली. वजन फार, वीज जास्त खायची, रस्ते खचायचे, आणि खराब रस्त्यांवर बेअरिंगची दैना व्हायची. पण चाकावर बस चालते हे त्या लोकांनी सत्तर वर्षांपूर्वी दाखवलं, याचं मला अतोनात कौतुक आहे.

आज चालू असलेलं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडमधला स्टोअरब्रिजचा चिमुकला लोहमार्ग. जेमतेम सव्वा किलोमीटरची शाखा. २००९ पासून तिथे एका डब्याच्या गाड्या चालतात, ज्यांत सुमारे अर्धा टनाचं, मीटरभर व्यासाचं फ्लायव्हील आहे. इंजिन एलपीजीवर चालणारं, अगदी लहान. निघतानाचा जोर चाक देतं आणि इंजिन त्याला सावकाश भरत राहतं. जा-ये सतत, अंतर छोटं, थांबे ठरलेले. फ्लायव्हीलला याहून मानवणारं काम मला सुचत नाही.

वेगवेडा

शर्यतींचा भाग मी लिहितो, कारण आधुनिक फ्लायव्हील तिथेच घडलं.

२००९ मध्ये फॉर्म्युला वनने ब्रेकची ऊर्जा परत वापरायला परवानगी दिली. मर्यादा ६० किलोवॅट, आणि एका फेरीत ४०० किलोज्यूल. फ्लायब्रिड नावाच्या ब्रिटिश कंपनीने यासाठी संपूर्ण यांत्रिक संच बनवला: पाच किलोचं चाक, मिनिटाला ६४,००० च्या वर फेरे, टोरॉइडल सीव्हीटी. सगळा संच मिळून सुमारे २५ किलो. पण त्या हंगामात ज्यांनी ही सोय वापरली त्या सगळ्यांच्या गाड्यांत बॅटरीच होती.

विल्यम्स संघाने विजेचं फ्लायव्हील विकसित केलं. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तेही उतरलं नाही, पण पोर्शेने ते उचललं. २०१० ची ९११ जीटी-३ आर हायब्रिड, चालकाशेजारच्या जागेवर मिनिटाला ४०,००० फेऱ्यांचं चाक. नुर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत ही गाडी आघाडीवर होती आणि शेवटचे दोन तासही उरले नसताना इंजिनाच्या बिघाडाने बाहेर पडली. चाक शाबूत होतं.

त्यानंतर ऑडी. आर-१८ ई-ट्रॉन क्वाट्रोने २०१२ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ल मान्स जिंकणारी ती पहिली हायब्रिड गाडी, आणि तिची साठवण फ्लायव्हीलची. २०१३ आणि २०१४ लाही तीच जिंकली. २०१६ च्या गाडीत मात्र ऑडीने बॅटरी घेतली. हा बदल मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण शर्यतीत भावनेला जागा नसते. जे वजनाला हलकं आणि वेळेला वेगवान तेच राहतं.

रस्त्यावरच्या मोटारीत व्होल्वोने एस-६० च्या मागच्या धुरीवर प्रयोग केला. सहा किलोचं, २० सेंटिमीटर व्यासाचं कार्बन फायबरचं चाक, निर्वात डब्यात, ६०,००० फेऱ्यांपर्यंत. २०१३ मध्ये त्यांनी २५ टक्क्यांपर्यंत इंधन बचत जाहीर केली. विक्रीच्या गाडीत ते आलं नाही.

साधा_प्रश्न

सीटखाली ६०,००० फेऱ्यांचं चाक घेऊन मुलांना बसवायला मी तरी धजणार नाही. अपघात झाला तर? आणि जोरात फिरणारं चाक आपला अक्ष सहज वळू देत नाही, जायरोस्कोपसारखं, मग ते गाडीला वळू देईल का?

दोन_दशांश

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींना आकड्यांत उत्तर देता येतं.

वळण्याचं आधी. जायरोस्कोपचा जोर चाकाच्या कोनीय संवेगावर (जडत्व गुणिले फिरण्याचा वेग) अवलंबून असतो, ऊर्जेवर नाही. हलकं पण वेगवान चाक घेतलं की ऊर्जा भरपूर आणि संवेग थोडा. व्होल्वोच्या मापाच्या चाकाचा संवेग माझ्या अंदाजी हिशेबाने २५० च्या घरात येतो (न्यूटन-मीटर-सेकंद). गाडी बऱ्यापैकी झपकन, सेकंदाला अर्धा रेडियन, वळली तर सव्वाशे न्यूटन-मीटरचा पीळ. गाडीच्या स्प्रिंगना तो जाणवणारही नाही. जायरोबसच्या दीड टनी चाकाचा संवेग मात्र दीड लाख. त्याचा अक्ष उभा असल्यामुळे वळताना काही होत नसे, पण चढ सुरू होताना किंवा खड्ड्यात नाक खाली जाताना, सेकंदाला ०.१ रेडियननेही, १५,००० न्यूटन-मीटर. तो सगळा बेअरिंगवर. "बेअरिंगची दैना" का झाली ते इथे दिसतं.

आता फुटण्याचं. पूर्ण भरलेल्या चाकात ६०० किलोज्यूल धरा. ताशी १०० किमीने जाणाऱ्या १५०० किलोच्या मोटारीतही एवढीच ऊर्जा असते, म्हणजे आपण रोज जिच्यासोबत बसतो तेवढीच. फरक हा की ती सहा किलोत कोंडलेली आहे. पोलादी चाक फुटलं तर मोजके जड तुकडे होतात आणि ते अडवायला जाड कवच लागतं. कार्बनचे धागे गुंडाळून केलेलं चाक बहुतेक वेळा धाग्यांचा गुंता होऊन कवचातच घासत थांबतं. तरी कवच लागतंच. वेगवेडा यांनी दिलेले आकडे पाहा: चाक पाच किलो, संच पंचवीस. वीस किलो कवच, बेअरिंग आणि जोडणीचे.

पोकळी

निर्वात डब्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कडेचा वेग सेकंदाला ६०० मीटर म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पावणेदोन पट. साध्या हवेत असं चाक क्षणात तापेल आणि सगळी कमाई हवा घुसळण्यात जाईल. म्हणून डबा निर्वात ठेवावा लागतो. पण निर्वात डब्यातून फिरता दांडा बाहेर काढायचा तर सील लागतं, सील झिजतं, गळतं, मग छोटा पंप जोडावा लागतो. रिकार्डो कंपनीने यावर देखणा उपाय केला होता: डबा कायमचा बंद, आणि आतल्या-बाहेरच्या चुंबकांमधून भिंतीआरपार गती पोचवायची. दांडा बाहेर येतच नाही.

निर्वातात आणखी एक अडचण आहे. चाकात उष्णता तयार झाली तर ती न्यायला हवा नसते, फक्त प्रारण, म्हणजे किरणांवाटे बाहेर पडणं, उरतं. विजेच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक चाकावरच असल्याने हे फार जपावं लागतं.

आणि कितीही काळजी घेतली तरी चाक हळूहळू मंदावतं. सिग्नलवरच्या दोन मिनिटांना हरकत नाही, रात्रभर पार्क केलेल्या गाडीत सकाळी काही उरणार नाही. ब्रेकच्या ऊर्जेसाठी हे चालतं, कारण ती लगेच परत वापरायची असते.

शून्य_धूर

मी विजेच्या गाड्यांवर काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. फ्लायव्हील हरलं ते त्याच्या दोषामुळे नाही.

ब्रेक लावताना लागते ती शक्ती. १५०० किलोची गाडी ताशी ६० वर असताना साध्या, सौम्य ब्रेकला, म्हणजे गुरुत्वाच्या ०.३ पट मंदनाला, सुरुवातीला ७४ किलोवॅट सोसावे लागतात. जुन्या हायब्रिडमधली दीड युनिटची बॅटरी एवढा झोत घेऊच शकत नव्हती, बरीचशी ऊर्जा ब्रेकलाच द्यावी लागे. तिथे फ्लायव्हीलची खरी गरज होती, कारण त्याला झोताचं वावडं नाही आणि लाखो वेळा भरलं-रिकामं केलं तरी ते थकत नाही.

पण पूर्ण विजेवरच्या बसमध्ये ३०० युनिटची बॅटरी असते. खटपट्या यांच्या हिशेबातला थांबा ०.३२ युनिटचा, म्हणजे बॅटरीच्या हजाराव्या भागाइतका. एवढा छोटा घोट तिला कळतही नाही. शक्तीची अडचण आकारानेच मिटली. आणि मोटर, इन्व्हर्टर, तारा हे सगळं गाडी चालवायलाच लागतं. त्यामुळे ब्रेकची ऊर्जा परत घ्यायला वेगळं यंत्र लागत नाही, मुख्यतः नियंत्रणाचा प्रश्न उरतो. जवळजवळ फुकट मिळणाऱ्या गोष्टीशी कवच, निर्वात पंप आणि सीव्हीटी घेऊन स्पर्धा कशी करणार?

जोराच्या ब्रेकला मात्र फ्लायव्हील आणि बॅटरी दोघंही पुरत नाहीत. ताशी १०० वरून ०.८ पट मंदन म्हणजे ३२७ किलोवॅट. घर्षणाचे ब्रेक कुठल्याही गाडीत राहणारच.

रूळ_समांतर

रेल्वेबद्दल थोडं. मेट्रो ब्रेक लावते तेव्हा वीज तारेत परत जाते, पण त्याच क्षणी जवळपास दुसरी गाडी वेग घेत नसेल तर ती वीज घ्यायला कुणी नसतं. व्होल्टेज चढतं आणि शेवटी रोधकांमध्ये (विजेची उष्णता करणाऱ्या रेझिस्टरमध्ये) ऊर्जा जाळावी लागते. अशा वेळी उपकेंद्रात जमिनीवर फ्लायव्हील ठेवता येतं. लॉस एंजेलिसच्या मेट्रोने २०१४ मध्ये असा संच बसवला. जमिनीवर वजनाची, धक्क्यांची, अपघाताची चिंता जवळजवळ संपते, जाड काँक्रीटच्या खड्ड्यात चाक ठेवता येतं. गाडीत जे जे नडतं ते तिथे नडत नाही.

खटपट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र बरंच स्वच्छ झालं. चाकापेक्षा जोडणी कठीण, आणि जिथे मोटर आधीच आहे तिथे चाकाची गरज कमी. पण डिझेलवर चालणाऱ्या, सतत थांबणाऱ्या गाड्या अजून पुष्कळ वर्षं राहणार आहेत, कचरा उचलणाऱ्या, माल पोचवणाऱ्या. त्यांच्यासाठी मला यांत्रिक वाट अजून संपलेली वाटत नाही.

तिसरा_गिअर यांनी अनेक क्लचची वाट सांगितली. तिने नेमका किती फरक पडतो? मला टेबलावरचं छोटं मॉडेल करून पाहायचं आहे.

दोन_दशांश

फरक मोठा पडतो. तुमच्या मॉडेलसाठीच आकडे देतो. दोन सारख्या पोलादी तबकड्या घ्या, प्रत्येकी ५ किलो, व्यास ३० सेंटिमीटर. एक "गाडी", दुसरी "चाक". गाडी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, चाक थांबलेलं. गाडीत १११ ज्यूल आहेत.

एकच क्लच, गुणोत्तर १:१. दोघं ३०० वर येतील. चाकाला पाव ऊर्जा, निम्मी जळाली.

आता तीन टप्पे. पहिल्या गिअरमध्ये चाक गाडीच्या निम्म्या वेगाने फिरतं: गाडी ४८० वर, चाक २४० वर येतं. दुसरा गिअर १:१: दोघं ३६० वर. तिसऱ्यात चाक गाडीच्या दुप्पट: गाडी २१६, चाक ४३२. आता चाकातली ऊर्जा मूळच्या ५२ टक्के, जळालेली ३५ टक्के, उरलेली १३ टक्के गाडीत. म्हणजे त्याच दोन तबकड्या, फक्त तीन पायऱ्या, आणि कमाई पावाच्या दुपटीहून थोडी जास्त. पायऱ्या वाढवत नेल्या की घसरण आणखी घटते, आणि अगणित पायऱ्या म्हणजेच सीव्हीटी.

तिसरा_गिअर

करताना एवढं पाळा: ६०० फेऱ्यांच्या वर जाऊ नका, कडेचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटरवर राहील. तरीही दोन्ही तबकड्यांभोवती पत्र्याचं आवरण हवंच, आणि दांड्यावरची चावी (तबकडी दांड्याला पक्की धरणारी खुंटी) आणि स्क्रू प्रत्येक वेळी तपासा. तबकडीपेक्षा सुटलेला स्क्रू जास्त धोक्याचा. तबकड्यांचा तोल आधी साधून घ्या.

क्लच लावण्याआधी गाडीची तबकडी नुसती फिरवून सोडा आणि ती किती वेळात मंदावते ते टिपून ठेवा. बेअरिंग आणि हवेचा वाटा त्यातून कळेल. मग १:१ च्या चाचणीत ३०० ऐवजी जेवढे कमी फेरे येतील ते त्या वाट्याशी जुळतात का बघा. ते जुळले की तीन गिअरचा डबा बनवायला घ्या, आणि ४३२ च्या किती जवळ पोचता ते इथे लिहा.